अंग सोडा, बाई!

मालिश ही पुरुषांनी चौपाटीवर, पैलवानांनी तालमीत आणि बाळंतिणींनी माहेरच्या अंधाऱ्या खोलीत करून घ्यायची गोष्ट आहे, अशी माझी अगदी परवापरवापर्यंत समजूत होती. आणखी एक चौथा वर्ग असतो, हे मला ठाऊक नव्हते. वातानुकूलित खोलीत, मंद बासरी ऐकत, तासाला अडीच हजार रुपये मोजून अंग चोळून घेणाऱ्यांचा हा वर्ग. गेल्या महिन्यात एका दुपारपुरती मीही त्या वर्गात जाऊन बसले. बसले कसली, चांगली पालथी पडले.

झाले असे की, एका प्रबंधाच्या मौखिक परीक्षेसाठी मला मुंबईचे बोलावणे आले. कोल्हापूरहून रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस, वरचा बर्थ आणि पुढ्यात साडेचारशे पानांचा प्रबंध. मराठीच्या प्राध्यापिकेची मान दोन कारणांनी दुखते. एक, उत्तरपत्रिकांवर वाकून. आणि दोन, विभागाच्या सभांत होकारार्थी हलवून. माझी दोन्ही कारणांनी दुखत होतीच. त्यात हा प्रबंध. परीक्षा संपली तेव्हा त्या विद्यार्थिनीला पदवी मिळाली आणि मला मान वळवता येईनाशी झाली. निरोप देताना ती उजवीकडे उभी होती, म्हणून मी सगळीच्या सगळी उजवीकडे वळून तिचे अभिनंदन केले. तिला तो आदर वाटला असावा.

मुक्काम पार्ल्याला भाचीकडे होता. पूर्वी पार्ले स्टेशन आले की डोळे मिटूनही कळायचे. डब्यात गरम बिस्किटांचा वास शिरायचा. तो कारखाना २०१६ साली बंद झाला. तरी गाडी पार्ल्याला थांबली की माझे नाक अजून एकदा फुगतेच. वासांची आठवण माणसांच्या आठवणीपेक्षा जास्त टिकते की काय, कोण जाणे.

भाचीने माझी मान पाहिली आणि म्हणाली, "मावशी, उद्या दुपारी कुठेही जायचं नाहीस. तुझं बुकिंग केलंय."

"कशाचं? नाटकाचं?"

"नाटकापेक्षा महाग आहे. स्पाचं. पैसे भरलेत, ते परत मिळत नाहीत."

शेवटचे वाक्य तिने मुद्दाम घातले होते. परत न मिळणारे पैसे वाया घालवण्याची हिंमत आमच्या घराण्यात कोणातच नाही, हे ती जाणून आहे. रात्री घरी फोन करून सांगितले, तर पलीकडे काही क्षण शांतता पसरली. मग आमचे हे म्हणाले, "मसाज पार्लर हा शब्द मी वर्तमानपत्रात आजवर फक्त 'छापा' या शब्दाच्या शेजारी वाचला आहे. जपून जा."

ते दुकान (दुकान म्हटलेले भाचीला आवडत नाही) स्टेशनजवळच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर होते. दार उघडताच गवती चहाचा वास आला. आमच्याकडे हा वास पातेल्यातून येतो; तिथे तो भिंतींतून येत होता. एका मुलीने पितळी भांड्यात गरम पाणी आणून माझे पाय धुतले. त्यात गुलाबाच्या पाकळ्या होत्या. दुसऱ्याने आपले पाय धुवावेत अशी वेळ माझ्यावर यापूर्वी एकदाच आली होती, आणि ती बोहल्यावर चढण्याआधी. मी इतकी संकोचले की "राहू दे, राहू दे" म्हणत स्वतःच वाकायला गेले, आणि मानेतून कळ निघाली. त्यानंतर गप्प बसले.

मग हातात एक कार्ड आले. त्यावर स्वीडिश, थाई, बाली असे देशोदेशींचे चोळण्याचे प्रकार होते, आणि शेवटी, पाय मोडलेला, 'अभ्यंगम्'. आपल्याच घरातला माणूस परक्या देशाचा पोशाख घालून समोर यावा तसे मला झाले. अहो, दर दिवाळीला पहाटे थंडीत कुडकुडत ज्याला आपण 'अभ्यंग' म्हणतो तेच हे. फक्त मागे एक 'म्' लावला की भाव दीडपट होतो.

शब्दांचा धंदा असल्यामुळे मला अशा जागी बसून राहणे जमत नाही. स्पा हा शब्द लॅटिनमधल्या कुठल्याशा आरोग्यवचनाची आद्याक्षरे जोडून झाला, असे तिथल्या भिंतीवर सोनेरी अक्षरांत लिहिले होते. ती मागाहून रचलेली गोष्ट आहे. स्पा हे बेल्जियममधल्या एका झऱ्यांच्या गावाचे नाव. लोक तिथे पाणी प्यायला आणि डुंबायला जात, म्हणून पुढे अशी सगळीच ठिकाणे स्पा झाली. २०२१ साली युनेस्कोने युरोपातल्या अकरा स्नाननगरांना जागतिक वारसा म्हणून मान दिला, त्यात हे गावही आहे. स्वीडिश मालिशही तशी स्वीडनची नव्हेच. स्टॉकहोमला १८१३ साली व्यायामाची संस्था काढणाऱ्या लिंग नावाच्या गृहस्थांच्या नावावर ती खपते. पण तिचे हात बसवले मेट्सगर या डच डॉक्टराने, आणि त्या हातांना नावे आहेत फ्रेंच. आणि शाम्पू? तो तर आपलाच. हिंदीतल्या 'चाँपो'चा, म्हणजे 'दाबा, चेपा'चा, तो साहेबी अवतार. १७५९ साली पाटण्याला जन्मलेले शेख दीन महंमद विलायतेला गेले. १८१० साली त्यांनी लंडनला हिंदुस्थानी खाणावळ काढली, ती बुडाली. मग ब्रायटनच्या समुद्रकाठी त्यांनी वाफेचे स्नानगृह उघडून गोऱ्यांची अंगे रगडायला सुरुवात केली आणि नाव काढले. चौथ्या जॉर्ज राजाने त्यांना आपला अंगमर्दक नेमले. त्या वेळी शाम्पू म्हणजे सर्वांगाची चंपी. पुढे तो शब्द घसरत घसरत केसांपर्यंत आला आणि बाटलीत जाऊन बसला.

हे सारे मी समोरच्या मुलीला सांगणार होते. पण तिने माझ्या हातात एक कागदी वस्त्र ठेवले आणि माझी वाचाच बसली. त्याबद्दल अधिक लिहीत नाही. शकुंतलेची वल्कले निदान झाडाच्या सालीची तरी होती, एवढेच म्हणते.

आत अंधुक उजेड. पलंगाला तोंडाच्या जागी एक गोल भोक. त्यात तोंड घालून पालथे पडायचे. खाली जमिनीवर पाण्याचे भांडे, त्यात एक चाफा. आणि त्या भोकातून जेवढे जग दिसते तेवढ्यात अधूनमधून येणारी दोन पावले. लहानशी, रबरी सपाता घातलेली, अंगठ्यांवरचा लाल रंग अर्धा उडालेला. जिने तासभर माझे अंग हाताळले तिची माझी पहिली ओळख अशी पावलांवरून झाली. आपल्याकडे थोरामोठ्यांचीच ओळख पावलांवरून करून घेण्याची रीत आहे, म्हणून हे लक्षात राहिले.

कोमट तेल पाठीवर पडले. हात फिरू लागले. मी डोळे घट्ट मिटून, दात आवळून, मुठी वळून पडून राहिले; इंजेक्शन घेताना माणूस पडतो तशी.

"मॅडम, प्रेशर ठीक है?"

"ठीक है."

थोड्या वेळाने, जरा थांबून, "मॅडम, बॉडी ढीला छोडिए."

सोडलेच आहे की, असे मला वाटत होते. तिने माझा हात कोपराजवळ उचलला आणि सोडून दिला. हात खाली पडला नाही. हवेतच राहिला! वीजमंडळाच्या खांबासारखा. ती हसली. मलाही हसू आले, पण तोंड भोकात असल्यामुळे ते चाफ्यालाच दिसले.

मराठीत अंग हा मोठा कष्टाळू शब्द आहे. आपण काम अंगावर घेतो, जबाबदारी अंगाबाहेर टाकतो, भलते बोललो की ते अंगाशी येते, आणि सासरच्या रीती अंगवळणी पडतात. आणि बायकांचे पाहिले तर सारा जन्म अंग सावरण्यात, आवरण्यात आणि चोरण्यात जातो. बसमध्ये अंग चोरायचे, वर्गात फळ्यावर लिहिताना पदर सावरायचा, स्वयंपाकघरात दोघी असल्या तर तिसरीने अंग आकसून घ्यायचे. एवढे सगळे करून झाल्यावर एक दिवस कोणी म्हणते, सोड आता. कसे सोडणार? ते सोडायचे कुठून असते हेच विसरायला होते.

पण 'अंग सोड' हे शब्द मी पहिल्यांदा ऐकत नव्हते. एकोणीस वर्षांपूर्वी ते मी रोज सकाळी ऐकले होते. "आंग सोड की गं पोरी, धरून काय बसलीस! कुनी चोरून न्याया आलंय व्हय तुला?"

मिरजेला माहेरी माझे बाळंतपण झाले, तेव्हा तेल लावायला एक आक्का यायच्या. सकाळी सातला दारात वहाणा वाजत. आधी न्हाणीघरातल्या पाटावर पाय पसरून बसत आणि पोरीला पायांवर आडवी घेत. बोटांनी तिचे नाक चिमटायचे, भुवया कोरायच्या, डोके गोल करायचे. पोर किंचाळायची आणि आक्का तिच्याशी गप्पा मारायच्या. मग माझी पाळी. वाटीत कोमट तिळाचे तेल. आधी पाय, मग कंबर, मग पाठ. हात असे की, घडा भरून ठेवावा तसा जोर भरून ठेवलेला. वाटेल तेव्हा ओतायचा, वाटेल तेव्हा आवरायचा. त्यानंतर बंबातले कढत पाणी, मग बाजेखाली ओवा आणि बाळंतशेपांची धुरी, आणि पोटावर जुन्या लुगड्याचा घट्ट पट्टा. दिवसाला अशी पाच घरे त्या करायच्या. त्यामुळे मिरजेतल्या पाचही बाळंतिणींच्या सासवा मला तोंडपाठ झाल्या होत्या.

वाग्भटाने अष्टांगहृदयात दिनचर्येच्या अध्यायातच अभ्यंग सांगितला आहे. तो रोज करावा, आणि डोके, कान व पाय यांना विशेषकरून. त्याने म्हातारपण, थकवा आणि वात हटतात. कोणी करू नये तेही सांगितले आहे: कफ वाढलेल्याने, अजीर्ण झालेल्याने, नुकतेच शोधन झालेल्याने. ज्याला चोळायचे त्याचा एवढा बारीक विचार. चोळणाऱ्या हाताचे काय होते, याबद्दल त्या श्लोकांत अवाक्षर नाही. वैद्याचा तरी काय दोष? पाठ वैद्याला दाखवायला येते. हात तेलाची वाटी विसळून पुढच्या घरी जातो.

चाळीस दिवस पुरे झाले त्या दिवशीची गोष्ट. ठरल्याप्रमाणे पंधराशे रुपये आणि एक नऊवारी आईने आक्कांपुढे ठेवली. आक्का म्हणाल्या, "आनि दोनशे द्या वयनी. पोरीचं बी केलंय न्हवं." आई म्हणाली, "अहो, मुलगी झाली. मुलगा असता तर मागण्याआधी दिले असते."

ओसरीवर जरा वेळ कोणी बोलले नाही. मग आक्कांचा आवाज आला. "मुलगी झाली म्हनून आंग कमी व्हतं का चोळायचं?"

मी आतल्या खोलीत होते. पोरीला पाजत होते. एम.ए.ला त्या वर्षी मी बायकांच्या ओव्या शिकवल्या होत्या आणि वर्गात मोठमोठ्याने बोलले होते. उठून ओसरीवर जायला मला सहा पावले पुरली असती. मी उठले नाही. पोर हातात होती, हे निमित्त मी पुढे स्वतःला पुष्कळदा देऊन पाहिले. ते टिकत नाही. आक्का दोनशे रुपये न घेता, पोरीच्या गालावरून बोटे ओवाळून, कानशिलावर मोडून गेल्या. कडाकडा वाजली बोटे. मला वाटले, दृष्ट काढल्याचा आवाज.

चार-पाच वर्षांनी एका लग्नात त्या भेटल्या. पंगतीत शेजारीच होत्या. पाण्याचा पेला त्यांनी दोन्ही तळव्यांत धरून तोंडाला लावला, कारण बोटे मिटत नव्हती. "आता पीठ बी मळवत न्हाई," म्हणाल्या, आणि माझ्या पोरीला किती उंच झाली म्हणून विचारू लागल्या.

पलंगावर पडल्या पडल्या हे सगळे पाठीतून वर येत होते. ज्या जागी आक्कांचा अंगठा थांबायचा, खांद्याच्या पाखाखाली, नेमक्या त्याच जागी या मुलीचा अंगठा येऊन थांबला. "मॅडम, इधर गाँठ है," ती म्हणाली. गाठ होतीच. तिथे तिने अंगठा रोवला, मोजून दहा-बारा श्वास तसाच ठेवला, आणि काय झाले कोण जाणे, माझे अंग एकदम सुटले. हात सुटला, मान सुटली, आणि त्यांच्या मागोमाग डोळेही. भांड्यातल्या पाण्यात टप् टप् आवाज झाला. तो तिने ऐकला असणार, कारण हात न थांबवता तिने बासरीचा आवाज थोडा वाढवला. इतका शहाणपणा मी फार थोड्या माणसांत पाहिला आहे.

उताणे झाल्यावर बोलायला सुरुवात झाली. ती मिझोरमची. ऐजॉलच्या पलीकडे डोंगरात घर. पहिल्यांदा मुंबईला आली तेव्हा सुमोतून डोंगर उतरत सिलचरला यावे लागले होते आणि गाडी तिथून पुढे. आता २०२५ च्या सप्टेंबरापासून आगगाडी ऐजॉलजवळ सैरांगपर्यंत येते, याचा तिला केवढा अभिमान! मला राहवेना, आईला तुमच्या भाषेत काय म्हणतात, म्हणून विचारले. "नु," ती म्हणाली. एवढासा शब्द! आपली आई दोन अक्षरांची तरी आहे. तिच्या छातीवर नावाची पट्टी होती, त्यावर एक सुटसुटीत इंग्रजी नाव होते. ते तिचे नव्हते. गिऱ्हाइकांना उच्चारायला सोपे म्हणून दुकानाने दिलेले. खरे नाव तिने सांगितले. ते येथे लिहीत नाही. तिने ते मला सांगितले होते.

तिच्या उजव्या मनगटाला पट्टा होता.

"दिवसाला किती जणी?"

"पाच. शनिवार-रविवार को सात."

"दुखतं?"

"रात को."

"मग तुझे हात कोण दाबतं?"

हा प्रश्न तिला फार विनोदी वाटला. हसता हसता तिने सांगितले की कलिन्याला एका खोलीत त्या चौघी राहतात, चौघीही याच कामात. रात्री जेवण झाले की फोनवर सिनेमा लावतात, ओळीने बसतात आणि जिचा पाळीचा दिवस असेल तिचे हात बाकीच्या दाबतात. "पर सोमवार को कोई नहीं दबाता. सोमवार को सब सो जाते हैं."

तास संपला. तिने काळ्या मिऱ्यांचा चहा दिला आणि दुकानाची भेट म्हणून तेलाची एक छोटी कुपी. आता बक्षिशीचा प्रश्न. आम्हा मध्यमवर्गीयांच्या आत एक हिशेबनीस बसलेला असतो. त्याची मान कधी दुखत नाही. पर्स उघडताच तो जागा झाला. अडीच हजारांवर किती टक्के? भाचीने भरलेच आहेत की. शिवाय यांना पगार असतो. माझा हात पर्समध्ये गेला आणि शंभराच्या दोन नोटा घेऊन बाहेर आला. त्या दोन नोटांकडे मी इतका वेळ पाहत राहिले की, त्या मुलीला वाटले मला चक्कर आली. तिने माझा दंड धरला.

किती दिले ते लिहीत नाही. दोनशे नव्हते, एवढेच. "थँक्यू तुमच्याकडे कसं म्हणतात?" मी विचारले. "का लॉम ए," ती म्हणाली. मी तसे म्हटले. माझा उच्चार ऐकून ती पुन्हा हसली.

रात्री दादरला महालक्ष्मीत बसले. या खेपेला बर्थ खालचा. समोरच्या बाईंनी दोनदा नाक ओढून हवा घेतली आणि विचारले, "कुठलं तेल हो हे? गुडघ्याला चालतं का?" मी म्हटले, "चालत असावं." मान खरोखरच दोन्हीकडे वळत होती. कल्याण गेल्यावर मी आईला फोन केला.

"आई, आक्का हल्ली कुठे राहतात?"

"कोण आक्का? तेल लावणाऱ्या? लेकाकडे, किल्ल्याच्या बाजूला. का गं? कोणाला दिवस आहेत का?"

"नाही."

"आणि असले तरी त्यांच्या हातून आता नाही व्हायचं. बोटं वाकलीत पार."

"माहीत आहे. तेल लावून घ्यायला नाही जायचंय."

पलीकडे आई थोडा वेळ बोलली नाही. तिला ते दोनशे रुपये आठवत होते की नाही, हे मी कधी विचारलेले नाही आणि त्या रात्रीही विचारले नाही. मग ती म्हणाली, "दुपारी बारापर्यंत घरी असतात. सून कामाला जाते." आणि पुन्हा, फोन ठेवता ठेवता, "जाशील तर मला घेऊन जा."

पहाटे मिरज आले. फलाटावर चहावाला ओरडत होता. तेलाची कुपी हातपिशवीत आहे की नाही ते एकदा चाचपले आणि बॅग खाली काढली. समोरच्या बाई म्हणाल्या, "तुम्ही कोल्हापूरच्या ना?"

कोल्हापूरपर्यंतचे तिकीट तेवढे वाया गेले.